छपराखालचा स्वर

डीव्हीडीच्या खोक्यावरचं नाव मी मोठ्यानं वाचलं, "सियान फिलिप्स", आणि मॅमगीनं हातातला उलथणा तव्याच्या कडेला ठेवला.

"शान," ती म्हणाली. "शाऽन. 'ए'च्या डोक्यावर काय आहे ते बघ की."

डोक्यावर एक बारीकसं छप्पर होतं. वेल्शमध्ये त्याला 'तो बाख' म्हणतात, म्हणजे शब्दशः छोटं छप्पर. ज्या स्वरावर ते असेल तो लांबवायचा. मी ते नाव कितीतरी वर्षं इंग्रजी डोळ्यांनी वाचत आले होते. वेल्शमध्ये 'एस' आणि 'आय' स्वरापुढे एकत्र आले की 'श' होतो, हे मला संध्याकाळच्या वेल्शच्या वर्गात शिकवलं होतं. पण वर्गात शिकलेलं जिभेवर यायला वेळ लागतो.

मॅमगी ही माझी खरी आजी नव्हे. दक्षिण वेल्समध्ये आजीला मॅमगी म्हणतात आणि स्वान्झीच्या आमच्या गल्लीत सगळेच तिला त्याच नावानं हाक मारतात. ती मूळची पॉन्टर्डावेच्या वरच्या अंगाची, कोळशाच्या पट्ट्यातली. त्या रविवारी ती वेल्श केक करत होती. जायफळ आणि मनुका घातलेल्या त्या जाडसर चकत्या चुलीवरच्या लोखंडी तव्यावरच भाजतात, म्हणून मला तिच्या स्वयंपाकघरात कधी परकं वाटलं नाही. खोक्यात होती १९७६ सालची बीबीसीची मालिका, 'आय, क्लॉडियस'. आम्ही ती पुढचे कितीतरी रविवार मिळून पाहिली. त्यात काम केलेली वेल्श अभिनेत्री शान फिलिप्स मी त्याआधीही पाहिली होती. ऐकली मात्र त्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, मॅमगीच्या सोबतीनं.

त्या ऐकण्याबद्दलच मला लिहायचं आहे.

शान फिलिप्सचा जन्म १४ मे १९३३ चा, ग्वाइन-काय-गर्वेन नावाच्या खाणीच्या गावातला. नाव उच्चारायला अवघड म्हणून इंग्रजी बोलणारे त्याला नुसतं जीसीजी म्हणतात. रग्बीचा थोर खेळाडू गॅरेथ एडवर्ड्स हाही याच गावचा. इतक्याशा गावानं एवढी दोन माणसं दिली याचा मॅमगीला असा काही अभिमान आहे की जणू दोघांनाही तिनंच लहानाचं मोठं केलं. या भागात अँथ्रासाइट निघायचा. हा कोळसा कठीण, चकचकीत आणि जवळजवळ धूर न करता जळणारा. पूर्वेकडच्या ऱ्होंडासारख्या खोऱ्यांत खाणी वाढल्या तसे इंग्लंडमधून मजुरांचे लोंढे आले आणि दोन-तीन पिढ्यांत तिथली भाषा बदलली. पश्चिमेच्या अँथ्रासाइटच्या पट्ट्यात मजूर आले ते बहुतेक आजूबाजूच्या वेल्श बोलणाऱ्या खेड्यांतूनच. त्यामुळे खाण आली तरी भाषा टिकली. खाणीत वेल्श, दुकानात वेल्श, प्रार्थनाघरात तर वेल्शच. शानच्या जन्माच्या सुमाराला, १९३१ च्या जनगणनेत, वेल्समधल्या साधारण ३७ टक्के लोकांना वेल्श येत होती. २०२१ मध्ये हा आकडा १७.८ टक्क्यांवर आला.

तिची आई शिक्षिका. वडील आधी पोलादाच्या कारखान्यात आणि मग पोलिसात. तिचं जन्मनाव जेन. शाळेत वेल्शच्या शिक्षकांनी त्याचं वेल्श रूप केलं, शान, आणि तेच पुढं जगभर गेलं. घरात वेल्शच. इंग्रजी तिनं शिकली ती रेडिओ ऐकून. आत्मचरित्रात तिनं हे स्वतःच सांगितलं आहे, आणि तिच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली मला त्या एका तपशिलात दिसते. भाषा आधी नाद म्हणून आली. कोपऱ्यातल्या लाकडी पेटीतून एक परका आवाज येतोय, तो कुठं श्वास घेतो, कुठं थांबतो, कुठला शब्द हातात तोलून मग खाली ठेवतो, हे त्या मुलीला अर्थाच्या आधी कळलं असणार.

मी हे इतक्या खात्रीनं म्हणते त्याला कारण आहे. वाई तालुक्यातल्या आमच्या गावात इंग्रजी माझ्याकडे अशीच आली. वडील आकाशवाणीवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे, थोडा वेळ हिंदीत, थोडा वेळ इंग्रजीत. इंग्रजी सुरू झालं की मी ट्रान्झिस्टरजवळ सरकून बसायची. अर्थ काही लागत नव्हता. पण गोलंदाज धावत निघाला की वाक्य कसं आवळत जातं आणि चेंडू नुसताच यष्टिरक्षकाकडे गेला की कसं सैल पडतं, हे मला पाठ झालं होतं. पुढं पुण्याला कॉलेजात गेल्यावर एका इंग्रजी शब्दाचा उच्चार मी लिहिल्याप्रमाणे केला. वर्ग हसला आणि शिकवणारेही हसले. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. कानानं मिळालेली भाषा डोळ्यांनी वाचताना असा दगा देते. आणि तरीही, जे काही बरं इंग्रजी मी आज बोलते, ते त्या ट्रान्झिस्टरचं देणं आहे.

शानला रेडिओखेरीज आणखी दोन गुरुकुलं होती. एक प्रार्थनाघर. वेल्श धर्मोपदेशक बोलता बोलता एका क्षणी अशा लयीत शिरतो की गद्य आणि गाणं यांच्यातली सीमा पुसली जाते. निरूपण करता करता कीर्तनकार बुवांचा आवाज नकळत सुरात जातो, अगदी तसं. याला वेल्शमध्ये 'हुइल' म्हणतात आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे जहाजाचं शीड. वारा भरला की ते फुगतं.

दुसरं गुरुकुल आइस्टेद्वॉद, म्हणजे कविता-गायनाच्या स्पर्धांचा वेल्श उत्सव. दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरणारा राष्ट्रीय आइस्टेद्वॉद, एका वर्षी उत्तरेत तर दुसऱ्या वर्षी दक्षिणेत, आणि त्याखाली गावोगावचे, प्रार्थनाघरांचे, शाळांचे लहान आइस्टेद्वॉद. कविता, गायन आणि 'आद्रॉद', म्हणजे पाठ केलेली कविता उभं राहून म्हणणं. हावभावांची आतषबाजी नाही. हात बाजूला, नजर समोर, जे काय करायचं ते आवाजानं. आपल्या नाट्यशास्त्रानं ज्याला वाचिक अभिनय म्हटलं, तो तिथं खाणकामगारांची पोरं सात-आठ वर्षांची असल्यापासून शिकत होती. आणि निकाल बंद पाकिटात यायचा नाही. परीक्षक मंचावर येऊन साऱ्या गावासमोर एकेकाचं काय चुकलं ते सांगायचा. मॅमगीही लहानपणी त्या मंचावर उभी राहिलेली. ते नंतर.

अकराव्या वर्षी शानला राष्ट्रीय आइस्टेद्वॉदमध्ये बक्षीस मिळालं आणि त्याच सुमाराला बीबीसीच्या वेल्श रेडिओवर ती काम करू लागली. म्हणजे ज्या पेटीतून भाषा ऐकली, त्याच पेटीत ती जाऊन बसली. कार्डिफच्या विद्यापीठात इंग्रजी आणि तत्त्वज्ञान शिकताना ती बीबीसीसाठी निवेदन करत होती, बातम्या वाचत होती, वेल्श नाटकांचे दौरे करत होती. आज वेल्श भाषेत एस४सी ही अख्खी वाहिनी आहे. ती १९८२ मध्ये सुरू झाली, तीही ग्विन्वोर एव्हन्स या नेत्यानं उपोषणाला बसण्याचा इशारा दिल्यानंतर. १९५०च्या दशकात वेल्श नाटकवाल्यांच्या वाट्याला यायचे ते गावोगावचे सभागृह आणि प्रवास. त्या मातीत तिचे पाय पक्के झाले.

१९५५ मध्ये ती शिष्यवृत्तीवर लंडनच्या राडा या नाट्यशिक्षण संस्थेत दाखल झाली. डायना रिग आणि ग्लेंडा जॅक्सन तिच्याच काळातल्या विद्यार्थिनी. तिथं इब्सेनच्या नाटकातल्या हेडा गाबलरच्या भूमिकेसाठी तिला बॅन्क्रॉफ्ट सुवर्णपदक मिळालं. शिकत असतानाच चित्रपटांचे तीन करार चालून आले होते. ते घेतले असते तर अमेरिकेत मोठा काळ राहावं लागलं असतं. तिन्ही तिनं नाकारले, कारण तिला रंगभूमीवर काम करायचं होतं.

त्या काळच्या लंडनच्या रंगभूमीवर एकाच तऱ्हेचं इंग्रजी प्रतिष्ठेचं मानलं जायचं. प्रांताचा, वर्गाचा, गावाचा वास पुसून काढलेलं ते इंग्रजी. शानचं इंग्रजी त्याहून शुद्ध होतं असं म्हटलं तरी चालेल. जन्मानं मिळालेली गोष्ट माणूस निष्काळजीपणे वापरतो. इंग्लिश माणूस आपल्या भाषेतले शब्द अर्धे गिळतो. रेडिओवरून एकेक ध्वनी वेचून घेतलेली शान काहीच गिळत नाही. तिच्या तोंडचं प्रत्येक व्यंजन जागच्या जागी असतं, आणि तरी ते कृत्रिम वाटत नाही, कारण खाली लय प्रार्थनाघरातली आहे.

१९५९ च्या अखेरीला तिनं पीटर ओ'टूलशी लग्न केलं. तीन वर्षांत 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' आला आणि तो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नटांपैकी एक झाला. दोन मुली झाल्या. या लग्नाची वीस वर्षं इंग्रजी वर्तमानपत्रांनी इतकी चघळली आहेत की मला त्यात फार शिरायचं नाही. दारू, मत्सर, घर सांभाळणं, स्वतःचं काम मागं ठेवणं, याबद्दल तिनं आत्मचरित्राच्या दुसऱ्या भागात कडवटपणा न आणता पण काहीही न लपवता लिहिलं आहे. मला टोचतं ते वेगळंच. तिच्याबद्दलचा कुठलाही मजकूर उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात नवऱ्याचं नाव येतंच. त्याच्यावरच्या मजकुरात तिचं नाव बरंच खाली येतं. या काळातही ती काम करत होती. त्याच्यासोबत चित्रपट केले. १९६९ च्या 'गुडबाय, मिस्टर चिप्स'मध्ये अर्सुला मॉसबँक नावाच्या भपकेबाज नटीच्या छोट्या भूमिकेत तिनं असा काही रंग भरला की अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट समीक्षक मंडळानं तिला सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. १९७४ मध्ये बीबीसीच्या 'शोल्डर टू शोल्डर' मालिकेत ती स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी एमेलिन पँकहर्स्ट झाली.

आणि मग बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात त्या काळच्या नट्यांना कामं मिळणं थांबायचं, तिच्यापुढं एकामागोमाग दोन आया आल्या.

पहिली बेथ मॉर्गन. 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली' ही दक्षिण वेल्सच्या खाणकामगार कुटुंबाची कथा. १९४१ साली हॉलिवूडनं तिचा चित्रपट केला, ऑस्करही मिळवलं. पण ते खोरं उभारलं होतं कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांत, आणि आई झाली होती एक आयरिश नटी. मॅमगीला त्याबद्दल राग नाही. तिच्या आईनं तो चित्रपट पाहून पदर भिजवला होता असं ती सांगते. (पदर माझा शब्द. तिच्या आईचा एप्रन असणार.) पण १९७५-७६ मध्ये बीबीसीनं सहा भागांची मालिका केली तेव्हा बाप झाला होता ऱ्होंडाच्या खोऱ्यातल्या खाणकामगाराचा मुलगा, स्टॅन्ले बेकर, आणि आई झाली जीसीजीची शान. बेकरचं ते अखेरच्या कामांपैकी एक. १९७६ च्या जूनमध्ये तो गेला. मॅमगी म्हणते, त्या मालिकेत शान पाव कापते तेव्हा ती खरंच पाव कापते. मी ती मालिका तुकड्यातुकड्यांत पाहिली, पण एक गोष्ट लगेच कानात भरली. बेथ इंग्रजी बोलते, पण वाक्य वेल्शमध्ये जन्मलेलं असतं. जोर शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अवयवावर सरकतो, जो वेल्शचा स्वभावच आहे. शानला त्यासाठी काही शिकावं लागलं नाही. जे लंडनमध्ये घडी घालून ठेवलं होतं, ते तिनं फक्त उघडलं.

दुसरी आई लिव्हिया. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याची बायको, टायबेरियसची आई. रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या कादंबऱ्यांवरून जॅक पुलमननं लिहिलेली, हर्बर्ट वाइजनं दिग्दर्शित केलेली 'आय, क्लॉडियस' ही मालिका जवळजवळ सगळी स्टुडिओत झाली. रोमची भव्यता दाखवायला पैसेच नव्हते. ग्लॅडिएटरांचे खेळ चाललेत, पण आपल्याला दिसतो तो फक्त राजघराण्याचा सज्जा. लढाई ऐकू येते. हे काही जणांना आज हास्यास्पद वाटतं. मला तो त्या मालिकेचा मोठेपणा वाटतो, कारण दाखवायला काही नसलं की सगळा भार बोलण्यावर येतो.

लिव्हिया आपल्या मुलाला गादीवर बसवण्यासाठी एकेक वारस संपवत जाते. तालमींमध्ये शान या बाईच्या मनात शिरण्याचा, तिच्या वागण्याची बाजू समजून घेण्याचा प्रयत्न करत होती, आणि ते जमेना. दिग्दर्शकानं तिला सांगितलं की नुसती दुष्ट हो. जितकी दुष्ट होशील तितकी ती गमतीदार होईल आणि तितकीच भयंकरही. ही गोष्ट तिनं पुढं सांगितली आहे. तिनं ते ऐकलं, आणि काय घडलं ते ग्लॅडिएटरांच्या प्रसंगात पाहावं. खेळाआधी लिव्हिया त्यांच्यासमोर उभी राहते आणि सुनावते की आजकाल तुम्ही मरायचं ढोंग करता, लोकांना खरा खेळ हवा, पैसे मोजलेत. स्वर कसा? शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. गृहपाठ न करणाऱ्या पोरांना झापावं तसा. मॅमगी त्या प्रसंगाला इतकी हसली की डोळे पुसावे लागले. आणि मग एकदम गप्प झाली. त्या माणसांना ती मरायला सांगत होती.

ऑगस्टसच्या मृत्यूचा प्रसंग तर मी चार वेळा मागं नेऊन पाहिला. तो विषाच्या भीतीनं स्वतःच्या हातानं झाडावरून तोडलेली अंजिरंच खात असतो. तिनं झाडावरच्या अंजिरांनाच विष चोपडलेलं. तो पडलेला आहे आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर रोखलेला. ऑगस्टस झालेला ब्रायन ब्लेस्ड डोळे उघडे ठेवून पडून राहतो, मिनिटामागून मिनिट. लिव्हिया बोलतेय, पण ती दिसत नाही. फक्त आवाज. शांत, थोडा थकलेला, संसाराच्या गोष्टी सांगणारा. तू माझं ऐकायला हवं होतंस असं म्हणणारा. त्या आवाजाखाली तो चेहरा हळूहळू निर्जीव होतो, आणि नेमका कुठल्या शब्दाला प्राण गेला ते सांगता येत नाही. खोलीतून निघताना ती मुलाला सहज बजावते की अंजिरांना हात लावू नकोस. जसं एखादी आई सांगते, दूध उतू जाईल, लक्ष ठेव.

चौथ्यांदा पाहताना मी डोळे मिटून घेतले. तेव्हा कळलं की ती वाक्याचा शेवट कधीच सोडत नाही. आपण बोलताना वाक्याच्या अखेरीला श्वास संपतो, आवाज पडतो, शेवटचे एक-दोन शब्द ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचे असतात. शानच्या वाक्याचा शेवटचा शब्द पहिल्याइतकाच भरलेला असतो. कुजबुजली तरी. म्हणून तिची धमकी हळू असते आणि पोचते खोल.

आणि म्हातारी लिव्हिया! आयुष्यभराच्या पापांनंतर तिला नरकाची भीती वाटते. देवत्व मिळालं तर शिक्षा टळेल, म्हणून ती ज्यांना तुच्छ मानत आली त्या नातवंडा-पतवंडांपुढं, क्लॉडियस आणि कॅलिगुलापुढं, गळ घालते. मरणाच्या खाटेवर कॅलिगुला येऊन तिला सांगतो की तू जळणार आहेस. क्लॉडियस मात्र शब्द देतो. इतका वेळ आम्ही दोघी त्या बाईचा तिरस्कार करत होतो आणि आता मॅमगीनं माझा हात धरला होता. कितीही जाड रंग चेहऱ्यावर थापला तरी म्हातारपण येतं ते श्वासातून, हे त्रेचाळीस वर्षांच्या त्या बाईला ठाऊक होतं. लहानपणी प्रार्थनाघरात पहिल्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांचे श्वास तिनं ऐकले असतील.

१९७७ मध्ये तिला बाफ्टा या ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तो या दोन्ही भूमिकांसाठी मिळून. खाणकामगाराची बायको आणि रोमची सम्राज्ञी, दोघींना एकच बक्षीस. मला वाटतं, तिच्या दोन भाषांनाही त्या दिवशी एकत्र बक्षीस मिळालं.

यानंतरची तिची वाट कुणाला एका ओळीत सांगता येणार नाही. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या १९७९ च्या हेरकथेच्या मालिकेत सात भाग पुरुष नायक जॉर्ज स्मायलीच्या बायकोबद्दल बोलत राहतात, तिच्या नावानं त्याला डिवचत राहतात, आणि ती प्रत्यक्ष येते ती अगदी अखेरीला, एकाच प्रसंगात. एवढा वेळ वाट पाहायला लावून कुणाला आणणार? शानला आणलं. तिच्यासमोर स्मायली झालेला अॅलेक गिनेस आणि तरी नजर तिच्यावरून हलत नाही. त्याच वर्षी ओ'टूलशी घटस्फोट झाला. पुढच्या वर्षी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिनं पूर्व लंडनमधल्या हाफ मून या छोट्या थिएटरात 'पॅल जोई' ही संगीतिका केली, आणि ती वेस्ट एंडला, लंडनच्या मोठ्या थिएटरांच्या भागात, गेली. त्या वयात गाण्याचं नाट्य पहिल्यांदा हातात घ्यायचं! आपल्याकडे संगीत नाटकात लहानपणापासून गळा तयार केलेल्यांनाही पन्नाशीजवळ पुन्हा उभं राहताना धाकधूक वाटते. १९८४ च्या 'ड्यून'मध्ये ती अशा पंथाची ज्येष्ठ साध्वी झाली, ज्या पंथाच्या स्त्रिया नुसत्या आवाजाच्या सामर्थ्यावर समोरच्याला आज्ञा पाळायला लावतात. भूमिका वाटणाऱ्यानं फार विचार केला नसेल. दुसरं नाव सुचणार तरी कुठलं?

'मार्लीन'मध्ये ती मार्लीन डीट्रिख झाली. पॅम जेम्सचं नाटक, दिग्दर्शक शॉन मथायस, तो आमच्या स्वान्झीचाच. १९९७ मध्ये वेस्ट एंड, १९९९ मध्ये न्यूयॉर्कचा ब्रॉडवे आणि टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन, वय ६५. जर्मन बाईनं घोगऱ्या स्वरात इंग्रजी गाणं म्हणायचं आणि ते वेल्श बाईनं म्हणून दाखवायचं, म्हणजे तिथं तीन भाषा एका गळ्यात. नक्कल करणाऱ्याला आवाज मिळतो. तिला डीट्रिखचा श्वास मिळाला होता, तो कुठं घ्यायचा आणि कुठं मुद्दाम घ्यायचा नाही ते.

२०१० मध्ये ब्रिस्टल ओल्ड विकमध्ये टॉम मॉरिसनं रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट वृद्धाश्रमात नेली. ज्युलिएट झाली शान. तिचं वय तेव्हा ७६. मूळ नाटकात आईबाप मुलीच्या लग्नाची घाई करतात, इथं तो हट्ट मुलांच्या पिढीचा. मी तेव्हा या देशात नव्हते. ते मला पाहायला मिळालं नाही याची हळहळ मला मनापासून वाटते. तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी लिहिलेली वाक्यं शहात्तराव्या वर्षी उच्चारताना त्यांचा अर्थ काय होत असेल? उद्या सकाळ होऊ नये असं तेराव्या वर्षी वाटणं वेगळं आणि शहात्तराव्या वर्षी वाटणं वेगळं. शब्द तेच.

वेल्श कवी डिलन थॉमसच्या 'अंडर मिल्क वुड' या नाटकाशी तिचं नातं तर फार लांबचं. १९७२ च्या चित्रपटात ती मिसेस ऑगमोर-प्रिचर्ड होती, मेलेल्या दोन्ही नवऱ्यांकडून अजून स्वच्छतेचे नियम पाठ करून घेणारी विधवा. २०२१ च्या उन्हाळ्यात, साथीनंतर लंडनचं नॅशनल थिएटर पुन्हा उघडत असताना, मायकेल शीनसोबत ती पुन्हा त्याच नाटकात उभी राहिली. या वेळी पॉली गार्टर म्हणून. गावानं नावं ठेवलेली, अनेक पोरांची आई, जी मेलेल्या प्रियकराची आठवण काढत गाते. शानचं वय ८८. तरुण पॉलीचं गाणं अठ्ठ्याऐंशीच्या गळ्यातून आलं तेव्हा, पाहून आलेली माझी मैत्रीण सांगते, कुणाला ते विचित्र वाटलं नाही. साऱ्या सभागृहाला वाटलं ते इतकंच की पॉलीला आता खूप वर्षं झाली आणि ती अजून आठवण काढतेय.

आमचा शेवटचा भाग पाहून झाला तेव्हा बाहेर पाऊस होता. मॅमगीनं टीव्ही बंद केला. एरवी ती लगेच 'पोबल अ कुम' लावते, तिची ठरलेली वेल्श मालिका. त्या दिवशी लावली नाही. चहा घेताना तिनं आपली गोष्ट सांगितली. नऊ वर्षांची असताना ती गावच्या आइस्टेद्वॉदमध्ये कविता म्हणायला उभी राहिली. एक शब्दही चुकला नाही. परीक्षक मंचावर आले आणि तिच्या आईबापासमोर, साऱ्या प्रार्थनाघरासमोर म्हणाले की या मुलीचा आवाज गोड आहे, पण ही ओळीचं शेवटचं टोक हातातून सोडून देते. तिला तिसरं बक्षीस मिळालं. ती त्यानंतर पुन्हा मंचावर गेली नाही. लग्न, मुलं, दुकानातली नोकरी.

"म्हणून दाखव ना, मॅमगी," मी म्हटलं. "आठवते?"

तिनं कप बाजूला सारला, उठून उभी राहिली, हात बाजूला सोडले, आणि खिडकीकडे नजर लावून ती कविता म्हटली. मला अर्ध्याहून अधिक शब्द कळले नाहीत. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मात्र स्पष्ट ऐकू आला.

मग ती बसली आणि म्हणाली, "आता तू म्हण, बाख. तुझ्या भाषेतली."

मी शाळेत पाठ केलेली एक मराठी कविता म्हटली. किती वर्षांनी म्हणत होते. तिनं डोळे मिटून ऐकली, एक अक्षरही न समजता, मान किंचित कलती करून, एखाद्या जुन्या रेडिओजवळ बसावं तशी. संपल्यावर डोळे उघडले.

"दुसऱ्या कडव्यात," ती म्हणाली, "तीनदा शेवट सोडलास. पुन्हा म्हण."

मी उठून उभी राहिले आणि पुन्हा म्हणायला लागले.